घाबरट मीटर

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास बेल वाजली. आईने दार उघडलं. बाहेर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी. त्यांनी आईचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "आपणच का?"

"हो, मीच. काय झालं?"

"झालं काही नाही. आपण आमचा मीटर घेतला होता. नग क्रमांक एकशे सत्तावीस."

"मी कसला मीटर घेणार? विजेचा?"

"हवेचा."

आईने मान वळवून माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "मग तो माझ्या नावाने आला असेल, पण माझा नाही. या आत. चपला असू द्या हो, फरशी अजून पुसायचीच आहे."

मी खोलीत बसून हे ऐकत होते. एकशे सत्तावीस हा आकडा माझ्या ओळखीचा होता. लेखातल्या फोटोत मीटरची मागची बाजू दिसते, तिथे तो छापलेला आहे आणि तो झाकायला मी विसरले होते. त्यांनी आपल्या विक्रीच्या वहीत तो नंबर शोधला आणि पत्ता मिळवला. इतकं सरळ.

मी वस्तू आईच्या नावाने मागवते, कारण माझ्या नावाने मागवली तर कंपनी निवडून चांगला नग पाठवेल. माझी एक वेबसाइट आहे. तिच्यावर मी घरात वापरायच्या यंत्रांची मोजमापं लिहिते: चार्जर नुसता भिंतीला लावून ठेवला तर किती वीज खातो, घड्याळ महिन्याला किती सेकंद मागे पडतं, बॅटरीवर लिहिलेला आकडा आणि बॅटरीतून निघालेला आकडा यांत किती अंतर आहे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी हे करते, याचं नातेवाइकांना अजून आश्चर्य वाटतं. जाहिरात घेत नाही. वाचकांच्या वर्गणीवर वेबसाइट चालते आणि मी रखडते.

अशी परीक्षणं लिहिणारे इतर लोक दुपारी वस्तूचं खोकं उघडतात आणि संध्याकाळी मत देतात. मी प्रत्येक वस्तू चार आठवडे वापरते. त्यातला पहिला आठवडा मोजणीत धरत नाही, कारण नवीन यंत्र स्थिरावायला वेळ घेतं. वस्तू बनवणाऱ्यांशी बोलत नाही. त्यांचे मेल आपोआप 'उत्पादक' नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि तो फोल्डर मी महिन्याच्या एक तारखेला उघडते. तरीही कुणाशी काही संपर्क आलाच, तर तो लेखाच्या तळाशी लिहिते. आजवरच्या प्रत्येक लेखाच्या तळाशी तशी ओळ आहे. बहुतेक ठिकाणी ती 'संपर्क नाही' एवढीच आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी हवेच्या मीटरवर लेख लिहिला होता. हे मीटर बंद खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे किती भाग आहेत, तो आकडा पडद्यावर दिसतो. बाहेर तो चारशेवीसच्या आसपास असतो. माणसं दार लावून बसली की वाढतो, आणि हजाराच्या वर गेला की जांभया सुरू होतात. मी बाजारातले सात मीटर घेतले आणि ते तपासायला एक आठवा, संदर्भासाठी. हा संदर्भ-मीटर एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या सामानातून मिळाला होता. चांगला जाड, करडा, विटेएवढा.

निकाल स्वच्छ होता. सहा मीटर संदर्भाशी जुळले. सातवा सतत दोनशेचाळीसने जास्त दाखवत होता, म्हणून माझ्या क्रमवार यादीत तो तळाला गेला. मी लिहिलं, "सात जण एका सुरात बोलतात आणि एकटा ओरडतो. हा मीटर घाबरट आहे." तो लेख माझ्या इतर कुठल्याही लेखापेक्षा जास्त वाचला गेला. आकड्यांमुळे नव्हे, त्या एका शब्दामुळे.

आता घाबरट मीटर बनवणारे गृहस्थ आमच्या बाहेरच्या खोलीत बसून आईने दिलेला चहा पीत होते.

मी बाहेर गेले. "लेख मी लिहिलाय," म्हटलं. "पण मी उत्पादकांशी बोलत नाही."

"माहीत आहे, ताई," ते म्हणाले. "वेबसाइटवर लिहिलंय. म्हणून मी आईंशी बोलतोय."

आई हसली. मला हसू आलं नाही.

"बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो," ते आईला सांगू लागले. "मुलं थर्मामीटर फोडायची, मी पाऱ्याचे थेंब गोळा करायचो. मुलं उत्तर आधी लिहायची आणि वाचन मागाहून घ्यायची. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आपण एक मीटर बनवू. मी जोडणी करतो, धाकटी बहीण पेट्या भरते. दोघंच आहोत. आता दुकानदार फोन उचलला की विचारतात, घाबरट मीटरवाले का?"

"अरेरे," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "हे तू केलंस?"

"मी मोजलं."

"शब्द पण मोजून वापरायचा मग."

गृहस्थांनी कप खाली ठेवला. "एका शाळेला बेचाळीस वर्गांसाठी मीटर घ्यायचे आहेत. गुरुवारी तीन वाजता समितीची बैठक. माझा आणि आपल्या यादीतला पहिला, असे दोन निवडलेत त्यांनी. आपला लेख छापून फायलीला लावलाय. मी बघून आलो. घाबरट या शब्दाखाली पेनने रेघ मारली आहे." त्यांनी पिशवी जवळ घेतली. "त्या बेचाळीसवर आमचं वर्ष अवलंबून आहे. बहीण म्हणते, नाही जमलं तर बंद करू. पण त्यासाठी लेख बदला असं मी म्हणणार नाही. मला फक्त ती खोली बघायची होती."

"कुठली?"

"जिथे मोजलंत ती."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. खोलीत एका फळीवर आठही मीटर ओळीने ठेवलेले होते. ते दारातच थांबले, श्वास घेतला, आणि खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या चारही कडांना मी रुंद चिकटपट्टी लावली होती.

"ही कधी उघडली होती?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "विचारा! विचारा तिला! थंडी सुरू झाली तेव्हापासून बंद आहे. मी झाडू घेऊन आत आले की जांभया देत बाहेर पडते. मला वाटायचं, वय झालं."

"प्रयोगासाठी बंद आहे," मी म्हणाले. "वाऱ्याची झुळूक आली की एका मीटरला लागते आणि शेजारच्याला नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "पद्धत बरोबर आहे. किती दिवस झाले?"

"तीन महिने तेरा दिवस."

"आणि आपण इथेच असता?"

"इथेच बसते, इथेच जेवते, इथेच झोपते," आई म्हणाली. "दिवसातून तासभर बाहेर काढते मी तिला, कुंडीला ऊन दाखवायला काढतात तशी."

ते फळीजवळ गेले. संदर्भ-मीटरवर आठशे नव्वद होतं, त्यांच्या मीटरवर अकराशे तीस. बाकी सगळे नऊशेच्या आगेमागे.

"हा स्वतःला जुळवून घेणाऱ्यांतला आहे का?" त्यांनी करड्या विटेकडे बोट दाखवून विचारलं.

"नाही. हा प्रयोगशाळेचा आहे."

"तपासलंत?"

मी तपासलं नव्हतं. विकत घेतला तेव्हा गच्चीवर नेला होता, चारशे अठरा दाखवलं, आणि मी समाधानाने खाली आणला. त्याच्याबरोबर हातपुस्तिका नव्हती. इतर सातांच्या हातपुस्तिका मी अक्षरन् अक्षर वाचल्या होत्या.

स्वतःला जुळवून घेण्याची ही सोय म्हणजे काय, ते मला माहीत होतं. लेखात तिच्यावर अख्खा परिच्छेद होता. सेन्सर हळूहळू भरकटतो, म्हणून मीटर एक गोष्ट गृहीत धरतो: आठवड्यातून एकदा तरी या खोलीत बाहेरची हवा येते. मग आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा तो बाहेरच्या हवेचा समजतो, त्याला चारशे म्हणतो आणि बाकी सगळं त्यावरून ठरवतो. ज्या घरात कुणीतरी खिडकी उघडतं, तिथे ही सोय उत्तम चालते.

"वर जाऊ या," मी म्हणाले.

मी करडा मीटर घेतला, त्यांनी स्वतःचा, आणि आईने यादीतला पहिला. दुसऱ्या हातात तिने कपड्यांची बादली घेतली, कारण वर जातेच आहे तर. तीन मजले चढताना ते दोनदा थांबले. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मीटर ठेवले आणि त्यांच्यापासून लांब जाऊन उभे राहिलो, म्हणजे आमचा श्वास त्यांना लागू नये. वीस मिनिटं थांबलो. आई दोरीवर चादरी टाकत होती.

वीस मिनिटांनी त्यांचा मीटर चारशे चोवीस दाखवत होता. यादीतला पहिला बरोब्बर चारशे. तो चारशेच्या खाली उतरतच नाही, तशी त्याची बनावटच आहे, म्हणून बाहेर नेला तरी त्याची चूक दिसत नाही. करड्या विटेवर एकशे एक्याऐंशी होतं.

एकशे एक्याऐंशी आकड्याची हवा आज पृथ्वीवर कुठेही नाही. कारखाने सुरू होण्याआधी ती दोनशे ऐंशीच्या आसपास होती. एकशे ऐंशीला पोचायचं तर वीसेक हजार वर्षं मागे जावं लागतं. माझ्या संदर्भ-मीटरनुसार आमच्या गच्चीवर हिमयुग चालू होतं आणि आई तिथे चादरी वाळत घालत होती.

"दोनशे त्रेचाळीसचा फरक," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. वहीत वाचन लिहून घेणाऱ्याचा आवाज होता तो.

जिना उतरताना ते म्हणाले, "तीन मेल पाठवले होते."

"मी एक तारखेला वाचते."

"तेही वेबसाइटवर आहे." दारापाशी त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "एक सांगू का, ताई? दुरुस्ती लिहिणार असाल तर मी आलो होतो ते लिहू नका. लोक म्हणतील, म्हाताऱ्याने घरी जाऊन दम दिला, नाहीतर हात ओले केले. मग दुरुस्ती कितीही खरी असली तरी तिचा उपयोग नाही."

ते गेल्यावर मी फोल्डर उघडला. पहिला मेल लेखानंतर दोन दिवसांनी आला होता. तो असा होता: "माननीय लेखिका, आपली पद्धत आवडली. कृपया संदर्भ-मीटर तासभर बाहेर ठेवून पाहावा. कळावे." दुसऱ्या आणि तिसऱ्या मेलमध्ये तेच वाक्य होतं, फक्त 'कृपया'च्या जागी 'कृपा करून' आलं होतं.

एका वाचनावर मी काही लिहीत नाही. पण दुसरा पुरावा माझ्याकडे आधीपासून होता. मोजणीतून वगळलेला पहिला आठवडा मी कधी पुसत नाही. मी ती फाइल काढली. खोकी उघडली त्या दिवशी सातही नवे मीटर अकराशेवीस ते अकराशेपासष्टच्या मध्ये होते. सातही, एका सुरात. एकटा माझा संदर्भ, जो त्याआधी कित्येक दिवस याच बंद खोलीत होता, नऊशे पाच म्हणत होता. आठव्या दिवसापर्यंत त्यांतले सहा एकेक करून नऊशेवर उतरले. मी मोजणीच्या वहीत त्या वेळी लिहून ठेवलं होतं, "नवे मीटर ताळ्यावर येत आहेत." ते ताळ्यावर येत नव्हते. ते माझ्या खोलीला बाहेरचं जग समजू लागले होते. मी इतरांसारखं एका दुपारात मत दिलं असतं तर ते बरोबर आलं असतं.

दुपारी दादाचा फोन आला. तो दुसऱ्या गावी राहतो आणि वेबसाइटची तांत्रिक बाजू सांभाळतो. मी त्याला सगळं सांगितलं.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "संदर्भ बाहेर नेला, चूक सापडली, दुरुस्ती केली. संपलं. ते काका आले होते हे कुणी विचारलंय?"

"तळाशी संपर्काची ओळ असते."

"अगं, त्यांनीच नको म्हटलंय ना? त्यांच्या भल्याचं आहे. तू खोटं बोलत नाहीयेस. एक गोष्ट कमी सांगतेयस."

"ती कमी सांगितली तर असं दिसेल की चूक मी शोधली."

"दिसू दे की! तेवढाच तुझा मान."

"मी शोधलेली नाही."

"तू ना, अशी अडून बसतेस..." तो म्हणाला. "आईला दे फोन." आईने फोन घेतला आणि त्याला जांभयांचं कारण सापडल्याची बातमी दिली.

मी दुरुस्ती लिहिली. जुना मजकूर काढला नाही, त्यावर आडवी रेघ ओढली. दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले, पहिल्या आठवड्याची फाइल जोडली, यादी उलटी केली. सातवा मीटर पहिला आला. मग तळाशी लिहिलं: "हा दोष मी शोधलेला नाही. मीटर बनवणारे गृहस्थ मंगळवारी माझ्या घरी आले. त्यांनी खिडकी कधी उघडली होती असं विचारलं. आमच्याकडे एक कप चहा घेतला. लेख बदला असं ते म्हणाले नाहीत. या भेटीबद्दल लिहू नका, असं म्हणाले."

शेवटचं वाक्य मी दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. ते ठेवायला कारण एकच होतं: ते झालं होतं. काढायला कारणं बरीच होती. पाच वाजता मी लेख प्रसिद्ध केला, वाक्यासकट.

पहिल्या तासातली मतं बरी होती. त्यानंतर कुणीतरी शेवटचं वाक्य उचलून बाहेर नेलं. "लपवायला सांगितलं म्हणजे पाणी मुरतंय." "घरपोच दुरुस्ती सेवा." "चहात काय घातलं होतं?" रात्रीच्या जेवणापर्यंत मी विकली गेले होते. दादाने मेसेज केला, "एका कपात गेलीस. तोही आपल्याच घरचा."

बुधवारी सकाळी लक्षात आलं की दुरुस्ती वेबसाइटवर आहे आणि शाळेच्या फायलीत कागद आहे. कागद आपोआप बदलत नाही. आजवर मी कुठल्याही गिऱ्हाइकाला फोन केलेला नव्हता. काय घ्यावं ते मी सांगत नाही, फक्त मोजते. मी शाळेचा नंबर शोधून काढला. कचेरीतल्या कारकुनाने फोन विज्ञानाच्या बाईंना दिला. समितीत त्या होत्या.

"हवेच्या मीटरचा लेख माझा आहे," मी म्हणाले.

"अय्या, तुम्ही का? आमच्या स्टाफरूममध्ये तुमचा शब्द फार चालतो. आमच्या उपमुख्याध्यापकांना आम्ही आता तेच म्हणतो."

"तो शब्द चुकीचा होता."

"असू दे हो, त्यांना शोभतो."

"मी मीटरबद्दल बोलतेय."

मी सगळं क्रमाने सांगितलं: खिडकी, गच्ची, पहिला आठवडा. त्यांनी मधे दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. मग म्हणाल्या, "हे सांगायला तुम्हाला त्यांनी सांगितलं का?"

"फोन करायला नाही. पण ते घरी आले होते."

"आणि?"

"आणि आल्याचं लिहू नका म्हणाले."

"का बरं?"

"तुम्ही हाच प्रश्न विचाराल म्हणून."

पलीकडे तास संपल्याची घंटा झाली. "मला अडचणीत टाकलंत," त्या म्हणाल्या. "नुसते आकडे दिले असतेत तर मी आकडे मांडले असते. आता मला हेही मांडायला लागणार."

"हो."

"तुम्हाला नाही का वाटत की त्यांचं नुकसान होईल?"

"होऊ शकतं," मी म्हणाले. "त्यांचा मीटर बरोबर आहे."

"ते मी स्वतः बघते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी मी काही काम केलं नाही. खिडकीची चिकटपट्टी काढली. ती एका ओढीत निघाली नाही. रंगाचे पापुद्रे घेऊन तुकड्यातुकड्याने आली आणि चौकटीवर काळा चिकट पट्टा मागे राहिला. खिडकी उघडल्यावर खालच्या रस्त्यावरचा सगळा आवाज आत आला. फळीवरचे सहा मीटर अर्ध्या तासात चारशेवर येऊन थांबले आणि करड्या विटेने परत हिमयुग दाखवलं. आई दारात येऊन उभी राहिली.

"आता कशी झाली," ती म्हणाली. "पाचशे असेल."

"काय?"

"तुझा आकडा. पाचशे असेल."

एकशे सत्तावीसवर चारशे साठ होतं. मी मोजणीच्या वहीत आईसाठी एक रकाना आखला. त्यानंतर ती रोज सकाळी आत येऊन आकडा सांगते. आतापर्यंतच्या अंदाजांत तिची सरासरी चूक एकशे दहाची आहे. माझ्या संदर्भ-मीटरची दोनशे त्रेचाळीस होती.

शुक्रवारी बाईंचा मेल आला. त्यांनी बैठकीआधी दोन्ही मीटर शाळेच्या मैदानात नेले होते. दोन आठवडे स्टाफरूममध्ये ठेवलेल्या दुसऱ्या मीटरने चारशे दाखवलं, घाबरटने चारशे सव्वीस. मग ते बैठकीच्या टेबलावर ठेवले. अकरा माणसं, दार बंद. माझी दुरुस्ती वाचून झाली, तळाच्या ओळीसकट. एक सदस्य म्हणाले की जो माणूस भेट लपवायला सांगतो, त्याच्याकडून मुलांसाठी काही घेऊ नये. दुसरे म्हणाले की मग जो मीटर खोटं बोलतो, तो तर मुळीच घेऊ नये. चाळीस मिनिटं हे चाललं. तोपर्यंत त्या दुसऱ्या मीटरवर तेराशे दहा झाले होते आणि घाबरटवर पंधराशे ऐंशी. मुख्याध्यापिकांनी दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोघं खिडकी उघडा म्हणतायत. मग बेचाळीस मीटर कशाला? खिडक्या उघडा."

उपमुख्याध्यापक उठले, तेव्हा कळलं की रस्त्याकडच्या खिडक्या काही वर्षांपूर्वी आवाजामुळे स्क्रू मारून बंद केल्या आहेत. खरेदी पुढच्या वर्षावर गेली. सुताराला बोलावलं आहे.

'उत्पादक' फोल्डर मी आता दर सोमवारी उघडते. त्या सोमवारी त्यात एकच मेल होता.

"माननीय लेखिका," गृहस्थांनी लिहिलं होतं. "मी लिहू नका म्हटलं होतं, आपण लिहिलंत. बहिणीला राग आला आहे. मला दोन दिवस आला होता. एकही मीटर गेला नाही. बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत सोबत जोडली आहे. त्यात पान दोनवर, मैदानातील वाचन योग्य, अशी नोंद आहे. ती मी दुकानदारांना दाखवतो. बहिणीने वर्ष संपेपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

"आपल्या यादीत आमचा मीटर आता पहिला आहे. त्याबाबत एक सुचवायचं आहे. आमचा मीटर स्वतःला जुळवत नाही, त्यामुळे तो वर्षभरात तीस ते चाळीसने भरकटतो. दरवर्षी एकदा बाहेर नेऊन हाताने लावावा लागतो. आपले चार आठवडे यासाठी अपुरे आहेत. वाचकांना हे माहीत असावं. कळावे."

हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि वर्षभर कुणाला कळलंही नसतं.

उत्पादकाच्या मेलला मी उत्तर देत नाही. या मेलला दिलं. लिहिलं, "वर्षभर मोजते. दर महिन्याला गच्चीवर नेईन आणि वाचन कळवीन."

मग लेख उघडला. भरकटण्याबद्दलची सूचना त्यांच्या नावावर घातली, 'अजून मोजलेलं नाही' असं पुढे लिहिलं, आणि मीटर पहिल्या जागेवरच ठेवला. तळाशी एक ओळ वाढवली: "उत्पादकाशी दुसरा संपर्क, सोमवार, मेलने. सुरुवात त्यांनी केली, उत्तर मी दिलं."

नंतर एकशे सत्तावीस फळीवरून उचलला. आई बादली घेऊन जिन्यात पोचली होती.